खोली सोडणाऱ्याचा हिशेब

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात भाड्याचे घर बहुतेक वेळा भांडणातून सुटत नाही. कंपनीने ब्रेक दिला म्हणून ते सुटते. नवी नोकरी भोसरीऐवजी तळेगावला लागली म्हणून, लग्न ठरल्यावर चौघांत मिळून घेतलेली दहा बाय दहाची खोली पुरेनाशी झाली म्हणून, किंवा गावाकडे आईवडिलांचे करायला कुणी उरले नाही म्हणून सुटते. घरमालक आणि भाडेकरू यांचे न्यायालयापर्यंत जाणारे वाद निराळे असतात. तिथे भाडेकरू जागा सोडायला तयार नसतो आणि मालकाला ती परत हवी असते. महाराष्ट्राचा भाडेविषयक कायदा या दुसऱ्या प्रकारच्या वादासाठी घडला. जो भाडेकरू स्वतःहून, ठरल्या वेळी, किल्ली मालकाच्या हातात देऊन निघतो त्याच्यासाठी त्या कायद्यात जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. या पट्ट्यातला नेहमीचा भाडेकरू मात्र हाच आहे, आणि कायद्याने सोडलेली ही जागा इथे अनामत रकमेच्या रूपाने रोज कुणाच्या तरी खिशाला लागते.

इथे भाड्याची घरे कशी वाढली हे पाहिल्याशिवाय त्यांचे सोडणे कळत नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी राहिली. एचए कॉलनीतले घर हा नोकरीचाच भाग होता. नोकरी मिळाली की घर मिळे आणि निवृत्तीबरोबर ते सुटे, पण मधला काळ आयुष्याएवढा असे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच दशकात टेल्कोसारखे मोठे कारखाने या भागात आले, आणि १९७२ मध्ये कामगारांच्या घरांचा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण निघाले. त्या पिढीतला कायम कामगार काही वर्षे आकुर्डीत किंवा चिंचवडगावात भाड्याने राहिला, सोसायटीचे नाहीतर पतपेढीचे कर्ज काढले आणि ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळालेल्या प्राधिकरणाच्या प्लॉटवर किंवा घरात राहायला गेला. भाड्याची खोली ही त्याच्यासाठी मधली पायरी होती. ती सोडणे म्हणजे वर चढणे होते.

चाकणकडचा विस्तार वेगळ्या काळात झाला. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये, निघोजेचा महिंद्राचा २०१० मध्ये. प्रत्येक मोठ्या कारखान्याभोवती सुटे भाग करणाऱ्या शेकडो लहान-मध्यम कंपन्या आल्या. कामगारभरतीची पद्धत तोपर्यंत बदलली होती. कायम कामगारांची संख्या आटली आणि कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस अशा नावांनी तरुण मुले येऊ लागली. बीड, लातूर, नांदेड, बुलढाण्यातून आली, तशी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातूनही आली. त्यांच्यासाठी वसाहत कुणी बांधली नाही. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी या गावांतल्या शेतकऱ्यांनी ती बांधली. जमीन संपादनात गेलेली, मोबदल्याचे पैसे हातात आलेले, उरलेल्या गुंठ्यांत शेती परवडणारी नाही, अशा स्थितीत एकापुढे एक पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोल्या काढणे हा सरळ मार्ग होता. महिन्याच्या भाड्यावर अनेक घरांचा खर्च चालतो. त्यामुळे इथला घरमालक म्हणजे प्रत्येक वेळी धनदांडगा माणूस असे समजणे चूक आहे. त्याचीही शेती सुटलेली आहे, आणि खोली रिकामी पडली की त्याचा महिना बुडतो.

या दोघांच्या मध्ये उभा असलेला कायदा युद्धानंतरच्या टंचाईतून आला. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा भाडी गोठवणारा आणि भाडेकरूला सहज बाहेर काढू न देणारा होता. त्याने लाखो कुटुंबांना छप्पर राखून दिले. पण त्यातूनच मालकांची अशी खात्री झाली की एकदा दिलेली जागा परत येत नाही. घरे कुलूपबंद ठेवणे बरे, भाड्याने देणे नको, अशी वृत्ती शहरोशहरी बळावली. राज्यातले तीन जुने भाडे कायदे एकत्र करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ करण्यात आला आणि तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ ने मालकाची भीती दूर केली. राहण्यासाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’ने दिलेल्या जागेची मुदत संपल्यावर ती सोडली नाही, तर मालकाने दिवाणी दाव्याच्या वाटेला न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समोरच्या पक्षाला बाजू मांडायची असेल तर समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत आधी तशी परवानगी मागायची. मुदतीनंतर जितके दिवस ताबा ठेवला जाईल तितक्या दिवसांची भरपाई दुप्पट दराने द्यायची.

ही तरतूद उपयोगी ठरली. आज या पट्ट्यात इतकी घरे भाड्याने मिळतात त्याला तिचा हातभार आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिची रचना एकाच दिशेने पाहते. मालकाला जागा परत मिळण्यासाठी खास अधिकारी, ठरलेली मुदत आणि दुप्पट भरपाई आहे. भाडेकरूला त्याची अनामत परत मिळण्यासाठी यांपैकी एकही गोष्ट नाही. याच अधिनियमाच्या कलम ५६ ने पागडी, प्रीमियम, अनामत अशा रकमा घेणे कायदेशीर ठरवले. मात्र अनामत किती घ्यावी याची मर्यादा घातली नाही, आणि ती किती दिवसांत परत करावी हेही सांगितले नाही.

अकरा महिन्यांच्या कराराची गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, कारण तिच्याभोवती मोठा गैरसमज आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी देशभर अकरा महिन्यांचा करार रूढ झाला. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ ने मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असे ठरवले. ही जबाबदारी मालकावर टाकली आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षाही ठेवली. लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे असल्याचे सिद्ध करणे मालकाच्या माथी येते. ज्या कारणासाठी अकरा महिने निवडले गेले ते कारण या राज्यात उरलेले नाही, तरी अकराचा आकडा मात्र टिकून आहे.

थेरगाव, रहाटणी, मोशीच्या सोसायट्यांत हे करार आता बहुधा नोंदवले जातात. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, आधारवर ओळख पटते आणि बसल्या जागी नोंदणी होते. चाकणच्या खोल्यांच्या चाळीत चित्र दुसरे असते. आधारकार्डाची झेरॉक्स, दोन फोटो आणि वहीत लिहिलेली रक्कम एवढाच कागद. काही ठिकाणी बांधकामालाच परवानगी नसते, म्हणून मालक नोंदणी टाळतो. काही ठिकाणी भाडेकरू सहा महिने तरी टिकेल की नाही याचीच खात्री नसते, आणि मग हजार-बाराशे रुपयांचा खर्च दोघांनाही नको असतो. शिवाय भाडे नियंत्रण अधिनियम त्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांना लागू होतो. औद्योगिक झालेले प्रत्येक गाव आपोआप त्यात येते असे नाही. गाव कारखान्यांचे झाले तरी कायद्याच्या नकाशावर ते गावच राहू शकते. तिथे १८८२ चे मालमत्ता हस्तांतरण आणि सुविधाधिकार हे दोन जुने कायदे उरतात, आणि खोली सोडणाऱ्याच्या बाबतीत ते नव्या कायद्यापेक्षा अधिक बोलतात.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे उलट करार नसेल तर महिन्याच्या भाडेदारीला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. ती दोन्ही बाजूंनी देता येते. कलम १०८ सांगते की जागा घेतली तशाच स्थितीत परत करायची, पण वापरामुळे होणारी वाजवी झीज आणि न टाळता येणारी आपत्ती वगळून. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६३ नुसार परवाना मागे घेतला तरी जागा सोडून सामान हलवायला वाजवी वेळ द्यावा लागतो. कलम ६४ नुसार मोबदला देऊन घेतलेला परवाना, भाडेकरूची काही चूक नसताना, मुदतीआधी काढून घेतला तर भरपाई मागता येते. एवढे वाचले तरी या खोल्यांमध्ये चालणाऱ्या निम्म्या चालींना आधार नाही हे कळते.

खरी अडचण दोन वेळापत्रकांची आहे. घराचा करार अकरा महिन्यांचा, आणि त्यात बहुधा सहा महिन्यांचा ‘लॉक-इन’ व त्यानंतर एक महिन्याची नोटीस. नोकरीचे वेळापत्रक मात्र दुसरीकडे ठरते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षातल्या २४० दिवसांच्या कामाला सलग सेवा मानले. राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांनीही तेवढ्याच दिवसांवर तात्पुरत्या कामगाराचा कायम होण्याचा हक्क उभा केला. हे संरक्षण कामगाराच्या बाजूचे होते. व्यवहारात त्याचा परिणाम असा झाला की ती संख्या भरण्यापूर्वीच, सहा-सात महिन्यांत, ब्रेक देण्याची पद्धत पडली. ब्रेक आधी सांगितला जातोच असे नाही. शनिवारी पाळी सुटताना ठेकेदाराचा माणूस सोमवारपासून येऊ नको म्हणतो. ज्याला दोन दिवस आधीही सूचना मिळाली नाही, त्याने घरमालकाला महिनाभर आधी सूचना द्यावी अशी करारातली अट असते. ती मोडली की एका महिन्याचे भाडे अनामतीतून जाते. पगार थांबतो त्याच आठवड्यात साठवलेल्या पैशालाही कात्री लागते. हा योगायोग नाही. कामाची अनिश्चितता कारखान्याने ठेकेदारावर टाकली, ठेकेदाराने कामगारावर, आणि खोलीचा करार लिहिताना तिचा कुणीच विचार केला नाही.

जिथे ठेकेदारच स्वतःच्या नावावर फ्लॅट घेऊन त्यात आठ-दहा मुले ठेवतो तिथे स्थिती आणखी नाजूक असते. त्या मुलांचा घरमालकाशी कसलाच करार नसतो. भाडे पगारातून कापले जाते, आणि काम गेले की त्याच दिवशी कॉटही जाते. एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील, तर त्या जागांना भाडे नियंत्रण अधिनियम लागूच होत नाही. त्यामागचा विचार असा की मोठ्या कंपनीला संरक्षणाची गरज नाही. पण अशा कंपनीच्या नावावरच्या घरात झोपणाऱ्या मुलाला ती गरज असते.

खोली सोडताना होणाऱ्या वादांचे मूळ बहुतेक वेळा अनामतीत सापडते. एक ते तीन महिन्यांच्या भाड्याइतकी ही रक्कम कामगाराच्या हातातली एकमेव एकरकमी बचत असते. ती परत मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून या पट्ट्यात एक अलिखित रीत तयार झाली आहे. सोडायचे ठरले की भाडेकरू शेवटचे एक-दोन महिने भाडे देत नाही आणि ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ म्हणतो. घरमालकाला हे आवडत नाही, कारण मग विजेचे बिल, तुटलेला नळ, काळी पडलेली भिंत यांसाठी हातात काही राहत नाही. म्हणून पुढच्या भाडेकरूकडून तो अनामत वाढवून घेतो. वाढलेली अनामत पुढच्याला अधिक धास्ती देते आणि तो भाडे आणखी आधी थांबवतो. दोघेही आपापल्या परीने शहाणपणाने वागतात आणि दोघांचेही नुकसान होते. परतफेडीचा नियम नसला की व्यवहार अविश्वासावर चालतो, तो असा.

कापली जाणारी रक्कम कशासाठी कापली, हा त्यातला सर्वात कडवट भाग. रंगकामाचे पैसे हे नेहमीचे कारण. वर्षभर माणूस राहिला, रोज पोळ्या भाजल्या, की भिंतीचा रंग उतरणारच. कायद्याच्या भाषेत ती वाजवी झीज आहे आणि तिचा भार भाड्यातच धरलेला असतो. भिंतीला पाडलेली भोके, फुटलेले बेसिन, तोडलेले दार ही वेगळी गोष्ट. त्याचे पैसे घेणे योग्यच आहे. पण घर ताब्यात घेताना त्याची स्थिती कुणी लिहून ठेवलेली नसते, फोटो काढलेले नसतात, त्यामुळे सोडताना आधीचा डाग आणि नंतरचा डाग यांत फरक करता येत नाही. सोसायट्यांतल्या करारांना पंखे, ट्यूब, गीझर, कपाटे यांची यादी जोडलेली असते, आणि ती असली की वाद निम्मा होतो. चाळीतल्या खोलीत यादी करण्यासारखे फारसे काही नसते असे मालकांना वाटते. पण एक नळ, एक दार, एक सबमीटर आणि चार भिंती यांचीही नोंद अर्ध्या पानात होते.

या अनामतीबद्दल शासनाची भूमिका मोठी विचित्र आहे. लिव्ह अँड लायसन्स करारावरचे मुद्रांक शुल्क काढताना एकूण भाडे, परत न मिळणारी रक्कम आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के दराने येणारे व्याज यांची बेरीज करून तिच्यावर पाव टक्का शुल्क घेतले जाते. आठ हजार भाडे, चोवीस हजार अनामत आणि अकरा महिने धरले, तर भाडे अठ्ठ्याऐंशी हजार आणि अनामतीवरचे मानीव व्याज बावीसशे रुपये होते. शुल्क सव्वादोनशे रुपयांच्या घरात येते आणि शहरी हद्दीत नोंदणी फी हजार रुपये पडते. म्हणजे भाडेकरूचे चोवीस हजार रुपये मालकाकडे पडून असताना त्यांवर व्याज मिळते, हे शासनाला पक्के ठाऊक आहे. त्या व्याजावर ते आपला वाटाही घेते. ते व्याज ज्याच्या पैशावर आले त्याला द्यावे, निदान मुद्दल तरी ठरल्या दिवशी परत करावे, असे मात्र ते कुठेच म्हणत नाही. एवढ्या नेमक्या हिशेबानंतरचे हे मौन समर्थनीय नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी अनामतीची कमाल मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याइतकी ठेवली आहे. जागेचा ताबा परत घेताना, वाजवी वजावटी करून, ती परत करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. दुरुस्तीची कोणती कामे कुणाकडे, याची यादीही त्याला जोडली आहे. मुदतीनंतर राहणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे, अशी मालकाच्या बाजूची कडक अटही त्यात आहे. घरभाडे हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्याने हा मसुदा राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. महाराष्ट्रात तो स्वीकारण्याला जुन्या पागडीच्या भाडेकरूंचा विरोध आहे आणि त्यांची भीती समजण्यासारखी आहे. गिरगावातल्या चाळीत तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाचा प्रश्न आणि मेदनकरवाडीत सात महिने राहिलेल्या मुलाचा प्रश्न एकाच कायद्याने सुटणार नाही. पण त्यासाठी संपूर्ण मसुदा घेण्याची गरजही नाही. अनामतीची मर्यादा आणि परतीची मुदत एवढी दोन कलमे १९९९ च्या अधिनियमात घातली तरी पुरे, आणि त्याने कुणाही जुन्या भाडेकरूचे संरक्षण कमी होत नाही.

प्रत्यक्ष खोली रिकामी करण्याच्या दिवशी आणखी काही गाठी सोडवाव्या लागतात. महावितरणचे मीटर मालकाच्या नावावर, चाळीत एका मीटरवर अनेक सबमीटर, आणि बिल पुढच्या महिन्यात येणारे. सोडणारा माणूस शेवटच्या दिवसाचे रीडिंग लिहून त्यावर दोघांची सही घेत नसेल तर नंतरच्या भाडेकरूचे युनिटही त्याच्या नावावर जाऊ शकतात. गॅसजोडणी असलेल्या कुटुंबाला दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यावे लागते. ते दाखवून नव्या गावी जोडणी मिळते. मुलांच्या शाळेचा दाखला हा अनेक आयांच्या चिंतेचा विषय, कारण घर जूनच्या आधी सुटतेच असे नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. हे पुरेसे माहीत नसल्याने कित्येक कुटुंबांत बाप पुढे जातो आणि आई-मुले वर्ष संपेपर्यंत जुन्या खोलीचे भाडे भरत राहतात. टेम्पो म्हणजे बहुतेक वेळा छोटा हत्ती. एका फेरीत संसार मावला तर खर्च आवाक्यात राहतो.

भाडेकरू आल्याची माहिती पोलीस ठाण्यात देण्याविषयी बरीच जागरूकता झाली आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि चाकण, महाळुंगे, तळेगावचा भागही त्यात आला. भाडेकरूची माहिती न देणाऱ्या मालकांवर गुन्हे दाखल होतात. तो गेल्याची माहिती देण्याची मात्र पद्धत रुजलेली नाही. दोन वर्षांपूर्वी खोली सोडून गेलेल्या माणसाचे नाव-पत्ता त्याच खोलीच्या नोंदीत राहतो. सुरक्षेच्या हेतूने केलेली नोंद अशी जुनी होत गेली तर तिचा उपयोगही उरत नाही, आणि ज्याचे नाव राहिले त्याला उद्या त्रास होऊ शकतो तो वेगळाच.

उलट बाजूने, न सांगता गेलेला भाडेकरू हा घरमालकांचा खरा ताप आहे. दाराला कुलूप, फोन बंद, आत गाद्या आणि भांडी, भाडे दोन महिन्यांचे थकलेले. अशा वेळी कुलूप तोडून सामान बाहेर काढण्याचा किंवा ते विकून भाडे वसूल करण्याचा मोह होतो. थकलेल्या भाड्यापोटी स्वतःच सामान अडकवून ठेवण्याचा किंवा विकण्याचा अधिकार मालकाला नाही. तसेच राहत्या भाडेकरूला घालवण्यासाठी पाणी किंवा वीज तोडणे हे भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ ने निषिद्ध आहे. कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढलेल्या माणसाला विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. पण बंद खोलीचे काय करावे, किती दिवस थांबावे, पंचनामा कुणी करावा, याचा साधा, स्वस्त मार्ग मालकालाही उपलब्ध नाही. त्याने एका खोलीसाठी पुण्यातल्या सक्षम प्राधिकाऱ्यापर्यंत जावे, तर हाताशी नोंदणीकृत करार हवा, आणि नेमका तोच नसतो. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेच्या पातळीवर नोटीस लावून, ठरावीक दिवसांनी दोन साक्षीदारांसमोर यादी करून खोली उघडण्याची सोय झाली, तर दोन्ही बाजूंचा फायदा आहे.

२०२० च्या टाळेबंदीत हे सारे दोष एकदम उघडे पडले. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने कामगारांकडून महिनाभर भाडे मागू नये आणि त्यांना घर सोडायला लावू नये असा आदेश काढला. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याच्या सूचना दिल्या. १ मेपासून श्रमिक रेल्वे सुटू लागल्या आणि खोल्यांना कुलपे लावून लोक गेले. भाडे पुढे ढकलले गेले, पण माफ झाले नाही. कामगार परत आला तेव्हा साचलेले भाडे आणि अनामत यांची वजाबाकी त्याची वाट पाहत होती, आणि जो परत आला नाही त्याची अनामत तिथेच राहिली. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना मंजूर केली. स्थलांतरित कामगाराला घर हवे आहे, हे तिने अधिकृतपणे मान्य केले. घर सोडणाऱ्याचा हिशेब मात्र त्यानंतरही जिथल्या तिथे राहिला.

अडकलेली अनामत परत मिळवण्याचा आजचा मार्ग म्हणजे लेखी मागणी, वकिलाची नोटीस आणि तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार औद्योगिक कामगाराला मोफत विधी साहाय्य मिळू शकते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही ते मिळते. चाकणच्या कामगाराने त्यासाठी खेडच्या तालुका विधी सेवा समितीकडे जायचे, आणि दावा दाखल होण्यापूर्वीची प्रकरणे लोकअदालतीतही ठेवता येतात. हा हक्क कारखान्यांच्या दारावर, एजंटांच्या दुकानांत, चाळींच्या भिंतींवर कुठेच लावलेला दिसत नाही. तो लावला तरी एक अडचण राहतेच. अनामत मागायची वेळ येते तेव्हा कामगार लातूरला किंवा गोरखपूरला पोहोचलेला असतो, आणि दहा-वीस हजारांसाठी तारखेला येणे म्हणजे तेवढाच खर्च. म्हणून सक्षम प्राधिकाऱ्याचे दार भाडेकरूलाही उघडले पाहिजे, आणि तेही ऑनलाइन. ज्या व्यवस्थेत अंगठा टेकवून घरबसल्या करार नोंदवता येतो, तिच्यातच करार संपल्याची नोंद, शेवटचे मीटर रीडिंग, खोलीचे फोटो, कापलेल्या रकमेची कारणे आणि अनामत परत केल्याची तारीख भरण्याची सोय करता येईल. ती रक्कम ठरल्या दिवसांत परत गेली नाही, तर मुदतीनंतर राहणाऱ्या भाडेकरूकडून जसे दुप्पट घेतले जाते तसेच इथेही दुप्पट द्यावे लागेल, एवढी अट तिथे असावी.